एका साडीएवढं घर

आक्कानं मला तीनदा नकार दिला आणि चौथ्यांदा अट घातली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती निपाणीत भाड्याच्या एका खोलीत एकटी राहायची आणि विड्या वळायची. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. आधी सासरच्या मोठ्या घरात जावांच्या हाताखाली, मग चुलत दिराच्या माडीवर, आणि मग एकामागून एक भाड्याच्या खोल्या, असा तिचा जन्म गेला. शेवटच्या खोलीत न्हाणी तीन बिऱ्हाडांत एक होती आणि स्वयंपाक पडवीतल्या कोपऱ्यात. यातल्या प्रत्येक घरात तिची पत्र्याची पेटी दाराजवळ असायची. एकदा मी विचारलं की ही आत का ठेवत नाहीस, येताजाता पाय लागतो. तर म्हणाली, उचलायला बरी पडते. मला त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

मी बेळगावात वडगावला राहतो. आमचं घराणं विणकरांचं. वडील हातमागावर बसायचे, मी यंत्रमागावर आलो, आणि आता समोरच्या खोलीत दोन माग चालतात त्यावर मी अन् माझी बायको मिळून साड्या काढतो. मुलगी लग्न होऊन गेली. घर मोठं नाही, पण दोघांना पुरून उरणारं आहे. तेव्हा आक्का एकटी तिकडं विड्या वळत बसते हे मला बघवत नव्हतं. तिची बोटं वाकडी व्हायला लागली होती, आणि बोलताना मध्येच खोकला यायचा. मी दरवेळी बसनं निपाणीला जायचो, चल म्हणायचो, आणि ती काहीतरी कारण काढून मला वाटेला लावायची.

चौथ्यांदा गेलो तेव्हा कारणं संपली होती. खोलीच्या मालकाला जुनं पाडून रस्त्याकडेला दुकानं काढायची होती. दिवाळीनंतर खोली सोडायला सांगितली होती. मला वाटलं, आता येते. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती, आणि हात न थांबवता म्हणाली, "मला तुझ्या घरात राहायचं न्हाय रं. तुझ्या शेजारी राहायचं हाय."

मी म्हणालो, म्हणजे काय? तर म्हणजे असं की दार रस्त्यावर उघडणारं, चूल वेगळी, आणि कडी तिच्या हातात. तेवढं असेल तर ती येणार. नसेल तर निपाणीतच कुठंतरी आणखी एक खोली बघणार.

मला राग लवकर येतो, हे मी आधीच सांगून टाकतो. भावाच्या घरात काय कमी आहे, माझी बायको कधी वाकडा शब्द बोललीय का, असं मी ताडताड बोललो आणि निघालो. बसमध्ये संकेश्वरपर्यंत धुमसत होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती मागावरचा धागा जोडता जोडता हसली. म्हणाली, बरोबर बोलल्या त्या, मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

आमच्या घराच्या मागं शेड होती. वडिलांनी बांधलेली, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी. एकेकाळी तिथं चार माग खडखडायचे. आता दोन विकले, दोन पुढं आणले, आणि शेडमध्ये मागाचे जुने लाकडी फणे, मोडकी सायकल आणि मांजरीची पिल्लं असा संसार होता. घराच्या कडेनं रस्त्यापासून शेडपर्यंत एक बोळही होता. मला वाटलं, भिंती आहेत, छप्पर आहे, बोळाच्या तोंडाशी एक फाटक लावू, आत कट्टा घालू, झालं आक्काचं घर. आमच्या गल्लीत असंच करतात.

बायको म्हणाली, नाही. जे करायचं ते कागदावर करायचं. सगळ्या जन्मात त्यांना कुणी ना कुणी उठ म्हणत आलंय. उद्या कॉर्पोरेशनचा माणूस येऊन हे बेकायदेशीर आहे, पाडा म्हणाला, तर आपण त्यांना आणखी एकदा उठवणार का? बायको कमी बोलते, पण बोलते तेव्हा उत्तर देता येत नाही अशी जागा बघून बोलते.

तर आम्ही टिळकवाडीत एका इंजिनिअर मुलीकडं गेलो. मुलगी म्हणजे तिशीची असेल, पण मला काका म्हणाली म्हणून मी मुलगी म्हणतो. तिनं आमचा उतारा बघितला, जुना नकाशा बघितला आणि समजावून सांगायला लागली. एका जागेवर दुसरं छोटं घर बांधता येतं, पण त्याला नियम आहेत. एकूण जागेतला ठरावीक भागच बांधायचा. चारी बाजूंनी जागा मोकळी सोडायची, मागच्या कुंपणापासून मीटरभर. दुसरं घर म्हटलं की त्याला त्याचं न्हाणीघर, त्याचा संडास, त्याची खिडकी, त्याचं सांडपाणी वेगळं दाखवायचं. आणि तुमची शेड, काका, ती आधी पाडावी लागेल, कारण ती नकाशावर नाहीच.

त्या शेडमध्ये हजारो साड्या विणल्या गेल्या. माझं लग्न ठरलं ते त्या शेडमधल्या साड्या बघून. आणि कागदावर ती नव्हतीच! मी थोडा तापलो. मुलीनं शांतपणे पाण्याचा ग्लास पुढं केला. पुढं मला कळलं की तिच्याकडं येणारा प्रत्येक माणूस याच ठिकाणी तापतो आणि पाण्याचा ग्लास तिनं त्यासाठीच भरून ठेवलेला असतो.

आता माझ्या पहिल्या शहाणपणाची गोष्ट. गल्लीत सगळ्यांनी मला सांगितलं की दुसरं स्वयंपाकघर दाखवू नको. दुसरी चूल दाखवली की दुसरं घर होतं, मग जादा कागद, जादा हेलपाटे. त्यापेक्षा स्टोअर रूम म्हणून दाखव, नंतर कोण बघायला येतंय. मी इंजिनिअर मुलीला तसं सांगितलं. ती म्हणाली, काका, तुमच्या जागेत दोन घरं बसतात, रस्ताही रुंद आहे, मग खोटं कशाला? चार कागद जास्त लागतील एवढंच. मी म्हणालो, तू काढ गं. तिनं नाइलाजानं तसा एक नकाशा काढून दिला आणि म्हणाली, आधी ज्यांना राहायचंय त्यांना दाखवा.

तो नकाशा घेऊन मी मोठ्या मिजाशीत निपाणीला गेलो. आक्कानं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले, आणि कागद जमिनीवर पसरून नीट बघितला. तिला वाचता येतं, पण त्यावरची अक्षरं कानडी होती. बोलायला तिला कानडी येते, निपाणीच्या बाजारात त्यावाचून चालत नाही, पण वाचता येत नाही. तिनं एकेका चौकोनावर बोट ठेवून मला विचारलं, ह्ये काय, ह्ये काय. मी सांगत गेलो. झोपायची खोली. न्हाणी. चुलीच्या चौकोनावर बोट आलं तेव्हा मी जरा भरभर म्हणालो, ते स्टोअर रूम म्हणून लिहिलंय, पण ते तुझं स्वयंपाकघर, कागदावर आपलं असंच.

तिनं बोट उचललं नाही. "मग कागदावर मी कुठं जेवतो?"

आमच्याकडं बायका असंच बोलतात, मी जातो, मी जेवतो. मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. तिनं कागद घडी घालून माझ्या हातात दिला आणि सांगितलं की जिथं चूल नाही त्याला घर म्हणत नाहीत, अडगळीच्या खोलीत राहायला ती काही मोडका माग नाही. आणि परत सूप मांडीवर घेतलं. मी तिथं आणखी तासभर बसलो. तिनं मला चहा दिला, मुलीची चौकशी केली, सगळं केलं, फक्त त्या विषयावर परत बोलली नाही.

परतीच्या बसमध्ये या खेपेला मला राग आला नाही. लाज वाटली. बहिणीला घर द्यायला निघालो होतो, आणि पहिल्याच कागदावर तिची चूल लपवली होती.

मग नवा नकाशा निघाला, खरा. त्यात स्वयंपाकघर स्वयंपाकघराच्या जागी, दार रस्त्याकडं जाणाऱ्या बोळात, मागं मीटरभर मोकळी जागा. मी कॉर्पोरेशनात हेलपाटे घातले. चपला झिजवल्या म्हणण्याइतके नाही, पण तिथल्या चहावाल्याशी ओळख झाली इतके. एकदा खिडकीतल्या माणसानं अर्ज चाळता चाळता कानडीत विचारलं, "यारिग्री?" म्हणजे कुणासाठी हे दुसरं घर, भाड्यानं द्यायला का? मी म्हणालो, "अक्कग्री." त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. कानडीत आक्का अन् मराठीत आक्का, दोन्हीकडं थोरली बहीणच. मग कुठला कागद कमी आहे ते त्यानं एका चिठ्ठीवर स्वच्छ लिहून दिलं, आणि पुढच्या खेपेला काम झालं.

मंजूर नकाशा हातात आला तेव्हा मी तिथंच पायऱ्यांवर बसून तो बघितला. नव्या घराची बाहेरून बाहेर लांबी मोजून साडेपाच मीटर होती. मला हसू आलं. साडेपाच मीटर म्हणजे एक साडी. जन्मभर मी तेवढंच माप विणत आलो, आणि आता तेवढंच माझ्या बहिणीचं घर होणार होतं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, सगळ्या गल्लीला सांगितलं. फार सांगितलं. घर म्हणजे एक साडी हे डोक्यात पक्कं बसलं, आणि त्यातूनच पुढचा घोळ झाला.

शेड पाडली. त्या दिवशी मी पुढच्या खोलीत माग चालवत बसलो, मागं गेलो नाही. मांजर पिल्लं घेऊन शेजारी राहायला गेली. गवंड्यानं टेप लावून पश्चिमेचा एक कोपरा पक्का केला, खुंटी मारली, आणि उरलेली आखणी दुसऱ्या दिवशी सकाळी मुहूर्तावर करायची ठरली. आक्का मुद्दाम पहिल्या बसनं आली. हळदकुंकू, नारळ, चुन्याची फक्की, सगळं तयार. आणि गवंड्याचा पत्ता नाही. त्याचा फोन आला की गाडी पंक्चर झालीय, अर्ध्या तासात येतो. पण मुहूर्त काही पंक्चर काढायला थांबत नाही.

तेव्हा मी म्हणालो, टेप कशाला हवी? घर साडीएवढं आहे, घरात साड्या आहेत. आत जाऊन मी मागावरून आदल्याच दिवशी उतरवलेली साडी आणली, हिरवी, लाल काठाची. आक्कानं खुंटीपाशी एक टोक धरलं, मी दुसरं टोक धरून पूर्वेकडं, मागच्या कुंपणाच्या बाजूला गेलो.

आता हे सांगायला हवं की लहानपणी साडीची घडी घालायचं काम आम्हा दोघांचं होतं. दोघं दोन टोकांना उभं राहून साडी ताणायची, सुरकुत्या काढायच्या, आणि मग एकमेकांकडं चालत येत घडी घालायची. त्यात आमचा एक खेळ असायचा. ताणताना ज्याच्या हातून टोक सुटेल तो हरला. आक्का आठ वर्षांनी मोठी, त्यामुळं मी जन्मात कधी जिंकलो नव्हतो. तर त्या सकाळी आम्ही टोकं धरली, आणि आक्काच्या डोळ्यांत मला ते जुनं दिसलं. तिनं एक हिसका दिला. मी पाय रोवले. सहासष्ट वर्षांची बाई अन् अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, दोघं साडी ताणून उभे, आणि बायको मध्ये नारळ घेऊन हसतेय. "सोड रं," आक्का म्हणत होती, "सोड, न्हायतर पडशील." मी सोडली नाही. जिथं माझी मूठ होती तिथंच खाली खुंटी ठोकली. फक्की टाकली. नारळ फोडला. आक्काला मी पहिल्यांदा बरोबरीत रोखलं होतं, त्यामुळं मी हवेतच होतो.

गवंडी आला, त्यानं रेषा बघितल्या, मोजलं का विचारलं. मी म्हणालो, मोजलंय. तो म्हणाला, विणकराचं माप आणि काय चुकणार. आणि त्यानं पाया खणायला घेतला.

जोतं वर आलं. आक्का दर आठवड्याला एक खेप करायची आणि जोत्यावर चढून स्वयंपाकघराच्या जागी उभी राहायची. इथं कट्टा, इथं फळी, इथं पाण्याची घागर. खिडकीच्या जागी उभी राहून बाहेर बघायची, तिथं अजून भिंतही नव्हती तरी. मला ते बघून इतका आनंद व्हायचा की मी मागावरचं काम टाकून तिच्याबरोबर त्या नसलेल्या खिडकीतून बघायचो.

जोत्याची तपासणी असते. त्याशिवाय वर बांधता येत नाही. आक्काची खेप होती त्याच दिवशी कॉर्पोरेशनचे एक साहेब आले, मध्यम वयाचे, कानडी बोलणारे, अंगानं बारीक. त्यांनी मागच्या कुंपणापासून जोत्यापर्यंत टेप लावली. वाकून बघितलं. परत लावली. मग मला सांगितलं की मोकळी जागा वीतभर कमी भरतेय.

शक्यच नाही, मी म्हणालो. मी स्वतः मोजलंय. त्यांनी विचारलं, कशानं? मी सांगितलं, साडीनं. त्यांना वाटलं माझ्या कानडीत काही चुकलं असेल, म्हणून त्यांनी मराठीत विचारलं. मी परत तेच सांगितलं. ते जोत्यावर बसले आणि म्हणाले, आणा ती साडी.

साडी आली. गवंड्यानं ती फरशीवर सैल अंथरली आणि टेप लावली. साडेपाच मीटर, आणि वर चार बोटं. मी टेपकडं बघत राहिलो. तेवढ्यात माझ्यामागून आक्का हळूच म्हणाली, "आप्पांची चार बोटं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमचे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, प्रत्येक साडी मापापेक्षा चार बोटं जास्त विणायचे. म्हणायचे, गिऱ्हाइकाला चार बोटं जास्त गेली तर आपलं काय जात न्हाय, कमी गेली तर त्या बाईचा पदर कमी पडतो. त्यांच्या हाताखाली शिकल्यामुळं माझाही हात तसाच बसला. चाळीस वर्षं मी साडेपाचची साडी म्हणून चार बोटं वर विणतोय, आणि ती चार बोटं मापात धरायची हे कधी लक्षातच आलं नाही, कारण ती मापाची नव्हती, ती द्यायची होती. त्यात आम्ही दोघांनी ओढून ओढून उरलेली भर घातली. साहेबांनी आम्हाला ती कशी ताणली ते करून दाखवायला सांगितलं. आम्ही दाखवलं. त्या ताणानं साडी बरोबर वीतभर पुढं गेली, आणि साहेब तोंडावर रुमाल धरून हसायला लागले.

पण हसून झाल्यावर त्यांनी सांगितलं की जोतं वीतभर आत घ्यावं लागेल. माझा पारा चढला. वीतभराचा तर प्रश्न, शेजाऱ्याची काही हरकत नाही, दगडी जोतं आता पाडायचं म्हणजे काय खेळ आहे? साहेब शांतपणे म्हणाले, आज तुम्ही वीत घ्याल, उद्या शेजारी वीत घेईल, मग मधून वारा कुठून जाणार अन् पाणी कुठून वाहणार? पटत नसेल तर वर अर्ज करा, तोवर काम थांबवा. मी म्हणालो, करतो अर्ज. जरा मोठ्यानंच म्हणालो. मनात मात्र दिवाळी मोजत होतो. काम थांबलं तर आक्काला दुसरी खोली बघावी लागणार, आणि एकदा तिनं पेटी दुसऱ्या कुणाच्या दाराशी ठेवली की ती परत उचलून इकडं येईल याची खात्री मला नव्हती.

आक्का पुढं आली. "ती जागा मोकळी ठेवायची म्हणून कागदावर लिवलंय न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

"मग ती माझ्या वाऱ्याची हाय. मी सगळा जन्म बिनवाऱ्याच्या खोल्यांतनं तंबाखू हुंगली. आता कागदानं मला वारा दिलाय, त्यातली वीत तू काढून घेतोस व्हय रं?"

इतके दिवस मी त्या नियमांकडं अडथळा म्हणून बघत होतो, उडी मारून ओलांडायचा. हिला मात्र त्यात तिचं काहीतरी दिसलं होतं. मीटरभर मोकळी जागा म्हणजे माझ्या दृष्टीनं वाया गेलेली जमीन. तिच्या दृष्टीनं ती तिच्या घराचीच एक खोली होती, फक्त भिंती नसलेली. तिनं वाकून पूर्वेच्या कडेचा एक दगड हलवायला सुरुवातसुद्धा केली, तेव्हा गवंडी धावत आला आणि म्हणाला, आक्का, तुम्ही बसा, आमच्या पोटावर पाय देऊ नका.

चार दिवसांत जोतं आत आलं. टेप लावून. साहेब परत आले, मोजलं, सही केली, आणि जाताना मला विचारलं की अशी चार बोटं जास्तीची साडी विकत मिळते का. मी म्हणालो, मिळते, पण घर बांधायला देणार नाही. ते आपल्या बायकोसाठी एक घेऊन गेले.

घर दिवाळीच्या आठ दिवस आधी उभं राहिलं. वास्तूच्या दिवशी आक्कानं तीच हिरवी साडी नेसली. पाहुणे आले, जेवले, गेले. ते सगळं माझ्याच घरात झालं, कारण तेवढी माणसं तिच्या घरात मावणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पुढच्या दाराची कडी वाजली. बघतो तर आक्का. ती तिच्या बोळातून रस्त्यावर येऊन, आमच्या फाटकातून आत आली होती. हातात कुंकवाचा करंडा. विधवेनं कुंकवाला हात लावू नये, असलं ती मानायची नाही. माझ्या बायकोला कुंकू लावून म्हणाली की दुपारी चारला चहाला यायचं, दोघांनी जोडीनं. मी माग थांबवून म्हणालो, येतो की, मागल्या दारानं हे दोन पावलांवर. तर तिनं मला नीट सांगितलं की मागल्या दारानं यायचं नाही. रस्त्यानं यायचं.

चार वाजता आम्ही कपडे बदलले. बायकोनं एका डब्यात चिवडा घेतला, पहिल्यांदा कुणाच्या घरी जाताना मोकळ्या हातानं जाऊ नये म्हणून. फाटकातून बाहेर पडून आम्ही रस्त्यावर आलो आणि बोळाच्या तोंडाशी पोचलो. मी पावलं मोजली, अकरा. बोळातून आत गेलो तर तिचं दार बंद होतं. मी कडी वाजवली.

आतून आवाज आला, "कोण हाय?"

माझा हात कडीवर तसाच राहिला. आक्काच्या सहासष्ट वर्षांत दार कायम दुसऱ्या कुणीतरी उघडायचं. कोण आहे हे विचारायचा मान कधी तिचा नव्हताच. बायकोनं मला कोपरानं ढोसलं.

"मी हाय गं आक्का," मी म्हणालो.

कडी निघाली. आक्का पदर सावरून उभी होती. जन्मभर मला ये रं म्हणत आलेली माझी बहीण त्या दिवशी मोठ्या मानानं म्हणाली, "या. बसा."

आम्ही बसलो. तिनं कट्ट्यावर चहा ठेवला. खिडकीतून मागचा वारा येत होता, आणि कुंपणापाशीच्या त्या मीटरभर जागेत तिनं एक पाट अन् तुळशीचं रोप ठेवलेलं दिसत होतं. तिघं काही काही बोलत होतो, पण माझं लक्ष दाराकडं होतं. दाराजवळ पेटी नव्हती. मी इकडंतिकडं बघितलं, मग आतल्या खोलीत डोकावलो. पेटी पलंगाखाली होती, पार मागं, भिंतीला टेकवून, आणि तिच्यापुढं धान्याचे दोन डबे लावलेले. ती बाहेर काढायची तर आधी डबे, मग पलंग हलवावा लागला असता.

मी परत येऊन बसलो आणि आणखी एक कप चहा मागितला.